इनान्नाच्या पाटणकरबाई

माझ्या आईनं बावीस वर्षं कांड्या भरल्या. इचलकरंजीत यंत्रमागाच्या धोट्यात सुताची कांडी बसवतात, ती भरून देणं हे बायकांचं काम. वडील दुसऱ्याचे चार माग चालवायचे, बारा-बारा तास. मागांच्या खडखडाटानं त्यांचे कान गेले होते, म्हणून आमच्या घरात सगळे ओरडूनच बोलायचे. नव्या शेजाऱ्यांना वाटायचं, रोजचं भांडण आहे. कारखान्यामागची एक खोली, पाच माणसं, आमटी केली की भाजी नाही. आमच्या घराण्यात दहावी पास झालेली पहिली मी, कॉलेजात गेलेली पहिली मी, बी.एस्सी. झालेलीही मीच. हे मी कुणी न विचारता सांगते. लोकांना खटकतं. खटकू दे.

२०११ साली सॉफ्टवेअर टेस्टरची नोकरी घेऊन मी वेलिंग्टनला आले. एका सरकारी खात्यात काम, जॉन्सनव्हिलला एक खोली, सकाळी ट्रेननं शहरात, संध्याकाळी परत. इथली मराठी माणसं बहुतेक पुण्या-मुंबईची, इंजिनिअरांची मुलं इंजिनिअर झालेली. "वडील काय करतात?" या प्रश्नाला मी "माग चालवतात" म्हटलं की पुढचा विषय हवेचा निघायचा. वेलिंग्टनात हवेबद्दल बोलायला भरपूर असतं.

पाटणकरबाई पुढच्या वर्षी भेटल्या, इथल्या मराठी मंडळाच्या भोंडल्यात. पुण्याच्या कॉलेजात प्राचीन इतिहास शिकवून निवृत्त झालेल्या. यजमान वारलेले. मुलगा समीर इथं आयटीत मॅनेजर, सून ऋजुता हॉस्पिटलात, नात सान्वी चार वर्षांची. व्हिसाच्या नियमानं बाई वर्षातले सहा महिने इथं राहायच्या. नवरात्राला यायच्या, पाडव्याच्या सुमारास परत जायच्या. नात सांभाळायला. कुणी तसं म्हणायचं नाही, पण कशाला यायच्या ते सगळ्यांना माहीत होतं.

भोंडल्याला मध्ये पाटावर हत्ती काढायचा आणि भोवती फेर धरून गाणी म्हणायची. त्या दिवशी हत्ती कुणालाच जमेना. मंडळाच्या अध्यक्ष मेधाताई म्हणाल्या, "पाटणकरकाकू, तुम्ही काढाल?" बाई उठल्या. घट्ट बारका अंबाडा, सुती साडी, वर मुलाचं जुनं फ्लीसचं जॅकेट, पायांत मोज्यांवर जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला. खडू घेऊन खाली बसल्या. दहा मिनिटांनी पाटावर सिंह होता. त्याच्या पाठीवर एक पाय रोवून उभी असलेली बाई, तिच्या दोन्ही खांद्यांमागून निघालेली शस्त्रं, डोक्याशेजारी आठ टोकांचा तारा.

"काकू, हत्ती हवा होता," मेधाताई म्हणाल्या.

"हत्ती पावसासाठी असतो. पाऊस इथं कमी पडतोय का?"

"मग ही दुर्गा का?"

"इनान्ना. चार-पाच हजार वर्षांपूर्वीची, इराकातली. प्रेमाची देवी आणि लढाईची देवी, दोन्ही खाती हिच्याकडेच."

"अय्या, म्हणजे आपली आदिमायाच की!"

"नाही हो. ही कुणाची आई नाही. आपण आपल्या सगळ्या देव्यांना शेवटी आई करून टाकतो, म्हणजे घरातलं काम सांगता येतं. ही एकटी सुटली."

मेधाताईंचा चेहरा बघण्यासारखा झाला. एका मुलीनं विचारलं, "व्हाय इज शी स्टँडिंग ऑन इट?" बाई म्हणाल्या, "कारण तो तिचा आहे." पोरींना एवढं पुरलं. मग फेर सुरू झाला. सासू-सासऱ्यांची, जावा-नणंदांची गाणी, आणि मधोमध ही, जी कधी सासरी नांदली नव्हती. समीर भिंतीशी मोबाइलमध्ये बघत उभा राहिला. पुढच्या वर्षापासून मंडळानं हत्तीचं छापील पोस्टर आणलं.

मी खुर्च्या रचत होते. बाई जवळ आल्या.

"तू कुठली गं?"

"इचलकरंजी."

"वडील?"

"माग चालवतात."

मी हवेच्या विषयाची तयारी ठेवली. बाई म्हणाल्या, "ताणा लावतात तेव्हा आधी खळ देतात की नंतर?"

"आधी. सुताला खळ दिल्याशिवाय ताणा टिकेल कसा?"

"रविवारी घरी ये. मला तुझ्याकडून शब्द हवेत."

माझं नाव वैशाली. ते त्यांनी विचारलं नाही, पुढंही कधी वापरलं नाही. शेवटपर्यंत मी त्यांच्यासाठी 'इचलकरंजी' होते. "काय इचलकरंजी, आज ट्रेन चुकली?" पहिले काही महिने मला याचा राग यायचा. नंतर लक्षात आलं, सुनेला त्या 'अगं' म्हणतात आणि मुलाला काहीच म्हणत नाहीत. त्या मानानं मला निदान गाव तरी मिळालं होतं.

काम असं होतं. तरुणपणी शिष्यवृत्तीवर बाई दोन वर्षं जर्मनीत होत्या, तिथं सुमेरी आणि अक्कदी शिकल्या. मातीच्या विटांवर खिळ्यांसारख्या खुणांनी लिहिलेल्या भाषा. इनान्नाची काव्यं इंग्रजीवरून नव्हे, मूळ सुमेरीवरून मराठीत आणायची, हा त्यांचा हट्ट. तीन जाड वह्या भरल्या होत्या. पुण्याचा प्रकाशक म्हणाला होता, टाइप करून पूर्ण द्या, छापतो. टायपिंग मी घेतलं. दर रविवारी दोन तास, समीरच्या डायनिंग टेबलावर. बाई सहा इंची पट्टी ओळीखाली धरून वाचायच्या, मी लॅपटॉपवर घ्यायची आणि घेतलेलं परत वाचून दाखवायची. मध्ये थांबून मी काही बोलले की, "मतं नंतर. पुढं वाच."

शब्दांचं प्रकरण असं की एका काव्यात इनान्नाचं लग्न ठरतंय. भाऊ म्हणतो, तुला चादरीसाठी जवसाचा धागा आणतो. ती विचारते, आणशील, पण कातणार कोण? भाऊ म्हणतो, कातलेला आणतो. मग पीळ कोण घालणार, ताणा कोण लावणार, विणणार कोण, धुऊन पांढरं कोण करणार? आणि सगळ्यात शेवटी, त्या चादरीवर माझ्याबरोबर निजणार कोण? बाईंनी वहीत सगळीकडे 'विणणे' लिहून वेळ मारून नेली होती. मी एकेक काम सांगितलं, आमच्याकडे जे म्हणतात ते. उकलणं, पीळ, ताणा, खळ, वहीफणी, सांधणी. बाई लिहून घेत होत्या. पट्टी खाली ठेवली आणि म्हणाल्या, "तीस वर्षं ही मुलगी माझ्याकडे कपड्याच्या दुकानात उभी होती. आज मागावर गेली."

मग लगेच, "शब्द सोन्यासारखे आहेत तुझे. फक्त 'ण'ला 'ण' म्हण."

"कारखान्यात 'ण' ऐकू येत नाही बाई."

त्या हसल्या. त्या फार कमी हसायच्या, म्हणून सांगते.

हा जवस त्यांना हाताला लावून बघायचा होता. इथं रस्त्याकडेला तलवारीसारख्या पानांचं झुडूप असतं, त्यालाही इंग्रजीत जवसासारखं फ्लॅक्सच म्हणतात. ते खऱ्या जवसापैकी नाही, हे त्यांना ठाऊक होतं, तरी एकदा फुटपाथवर थांबून मधलं पान ओढायला लागल्या. मागून एक माओरी बाई आल्या. किया ओरा, म्हणजे नमस्कार, म्हणाल्या आणि शांतपणे समजावलं, की मधलं कोवळं पान म्हणजे मूल. त्याच्या दोन बाजूंची पानं म्हणजे आई-बाप. ती तीन कधी कापायची नाहीत. कापायची ती बाहेरची, ती आजी-आजोबा असतात. बाईंनी हात जोडून आभार मानले. चढ चढायला लागल्या. मग म्हणाल्या, "ऐकलंस ना? कापायची ती आजी. इथले लोक निदान तोंडावर सांगतात."

घरात बाईंचा दिवस सकाळी सहाला सुरू व्हायचा. डबे, सान्वीची वेणी, शाळेत सोडणं, स्वयंपाक, तीन वाजता शाळेतून आणणं. २०१५ साली धाकटा झाला, मग तोही. सान्वीशी त्या मराठीत बोलायच्या, ती इंग्रजीत उत्तर द्यायची, दोघींचं चांगलं चालायचं. कणीक मळून झाली की बाई बांबूच्या चॉपस्टिकच्या कोपऱ्यानं गोळ्यावर खुणा उमटवायच्या. आधी तारा, मग तिची खूण. इनान्नाचं नाव. तेच नाव मातीत लिहायचे, म्हणून कणकेतही बरोबर उमटायचं. मग त्यावरूनच लाटणं फिरवायच्या. मी एकदा म्हटलं, "बाई, रोज तिचं नाव लिहिता आणि रोज लाटून टाकता?"

"उपमा नको," त्या म्हणाल्या. "ती देवी आहे, मी आया आहे. तवा तापलाय."

त्या घरात दिवाणखान्यातल्या काचेच्या कपाटात कै. पाटणकर सरांचं पुस्तक होतं, प्राचीन संस्कृतींवरचं, पुण्यात गाजलेलं. कपाटात त्याला एकट्याचा कप्पा होता. एका रविवारी समीर बाहेर गेलेला असताना बाईंनी ते काढलं आणि मधली चाळीसेक पानं दाखवली. इराकातल्या कवितांचे मराठी अनुवाद.

"हे माझे आहेत."

"मग नाव?"

"आहे ना. प्रस्तावनेत. शेवटून दुसरी ओळ."

मी काढून वाचलं. टंकलेखनासाठी सौ. चे आभार मानले होते.

"तुम्ही काही बोलला नाहीत?"

"एकदा बोलले. म्हणाले, नवरा-बायकोत तुझं-माझं काय? त्यांना सुमेरीतला एक शब्द वाचता येत नव्हता." पुस्तक परत जागेवर ठेवलं, फडक्यानं काच पुसली. "म्हणून हे एक पुस्तक माझ्या नावावर हवंय. वरती, एकटं. बाकी मला आता काही नको."

त्या वह्यांत काय होतं ते सांगायला हवं. इनान्ना ठरवते, पाताळात उतरायचं. तिथं तिच्या बहिणीचं राज्य. सात दरवाजे. प्रत्येक दारावर एकेक वस्तू काढून घेतात. मुकुट, मणी, छातीवरचं लेणं, शेवटी वस्त्र. का, म्हणून विचारलं की एकच उत्तर, इथला नियम आहे. नागडी होऊन बहिणीसमोर उभी राहते आणि मरते. तिचं प्रेत खुंटीला टांगतात. पुढं वरचे लोक खटपट करून तिला जिवंत करतात, पण अट अशी की बदल्यात कुणीतरी खाली द्यायचं. ती वर येते, पाठीमागं पाताळाचे शिपाई. जे तिच्यासाठी रडले त्यांना ती हात लावू देत नाही. मग घरी येते. नवरा चांगले कपडे घालून सिंहासनावर बसलेला. ती त्याच्याकडे एकदा बघते आणि म्हणते, याला न्या.

कथेच्या नंतरच्या अक्कदी रूपात तिचं नाव इश्तार. त्यात ती पाताळाच्या दाराशी येऊन द्वारपाळाला बजावते, उघड, नाहीतर दार फोडीन, कडी मोडीन, मेलेल्यांना वर काढून जिवंतांवर सोडीन. ही जागा बाई वाचायच्या तेव्हा त्यांचा आवाज बदलायचा. खालच्या खोलीतून ऋजुता म्हणायची, "आई, बाळ उठेल."

२०१६ च्या नोव्हेंबरमध्ये एक गोष्ट घडली. इथल्या विद्यापीठात प्राचीन इतिहास शिकवणाऱ्या एका बाईंशी पाटणकरबाईंची ग्रंथालयात गाठ पडली. तिथं दर गुरुवारी दुपारी एक ते चार तीन-चार जण बसून सुमेरी वाचायचे. बाईंना आग्रहाचं आमंत्रण आलं. त्यांना अडलेल्या जागा तिथं सुटणार होत्या. नवऱ्याला पाताळात धाडण्याचा शेवटचा भाग त्यांचा अडला होता. विटा तुटक्या, पाठ वेगवेगळे, एकटीनं होण्यासारखं नव्हतं. मी त्यांना इतकं उतावीळ कधी पाहिलं नव्हतं. साडीसुद्धा ठरवली.

अडचण एकच. गुरुवारी तीन वाजता सान्वीला शाळेतून कोण आणणार, आणि तोवर बाळाजवळ कोण?

बाईंनी समीरला विचारलं. मी समोर होते. तो वाईट माणूस नाही. आईसाठी हीट पंप लावला, कानाचं मशीन चांगलं आणलं. तो म्हणाला, "आई, मस्त आयडिया आहे. पण आत्ता प्रोजेक्टचं हीप्स काम चाललंय गं. ख्रिसमसनंतर बघू, ओके?"

"बरं," बाई म्हणाल्या.

ख्रिसमस झाला. जानेवारी गेला, फेब्रुवारी गेला. मी म्हटलं, "बाई, परत विचारा."

"मी दोनदा मागत नाही."

मग मी समीरला गाठलं. "आठवड्यातली एक दुपार. आफ्टर-स्कूलमध्ये ठेवा ना पोरीला. बाळासाठीही कुणीतरी मिळेल."

"वैशाली, आई काही बोलली का तुझ्याकडे?"

"नाही."

"मग? ती बिझी असली की बरी असते. आणि त्या विटांचं काय, पुण्याला गेली की आहेच ना वेळ."

पुण्यात वेळ होता, सुमेरी वाचणारं कुणी नव्हतं. हे मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, "स्वीट ॲज, चालेल, बघतो." बघितलं नाही.

त्या रविवारी मी फार चिडले होते. बाई मटार सोलत होत्या. मी म्हटलं, "तुमची देवी दार फोडीन म्हणते. तुम्हाला पोटच्या पोराकडून एक गुरुवार मागता येत नाही?"

त्यांनी मान वर केली नाही. "तिला नात नव्हती," म्हणाल्या. पुढची शेंग उचलली, "पुढं वाच."

मला तेव्हा त्यांचा राग आला आणि आजही येतो. मी त्यांच्यापेक्षा कमी शिकलेली, कमी वाचलेली. पण आमच्या खोलीत मागायचं तर ओरडूनच मागावं लागायचं, आणि मी मागितलं, म्हणून शिकले. त्यांना कुणी कधी ओरडू दिलं नव्हतं. चांगल्या घरच्या होत्या. त्या चांगल्या घरानं त्यांचं काय केलं ते मी जवळून पाहिलं.

अडलेला भाग तसाच राहिला. मागचं सगळं टाइप झालं, तपासलं गेलं. त्या जागेशी आलं की दर रविवारी काहीतरी निघायचं. ताप, पाहुणे, सान्वीचं स्विमिंग आणि तिचे न सापडणारे टॉग्ज, पोहायचे कपडे.

शेवटचं त्यांना पाहिलं ते २०१८ च्या एप्रिलमध्ये, पुण्याला परतायच्या आदल्या दिवशी. तब्येतीमुळं आता पुन्हा यायचं नाही, असं ठरलं होतं. मी दुपारी गेले. स्वयंपाकघराच्या ओट्यावर आइस्क्रीमचे दोन-दोन लिटरचे रिकामे डबे मांडलेले. महिन्याभराच्या आमट्या, उसळी, पुरण त्यात भरून बाई झाकणांवर मार्करनं तारखा घालत होत्या. मांडी घालून बसता येईना म्हणून उंच स्टुलावर, मोज्यांवर जँडल्स. प्रत्येक तारीख पट्टीनं रेघ मारून तिच्यावर लिहीत होत्या, सरळ यावी म्हणून. फ्रीझरमध्ये जागा पुरेना तेव्हा माझ्यावरच खेकसल्या, "बघत काय उभी राहिलीस, इचलकरंजी? मटार काढ बाहेर."

मी म्हटलं, "बाई, शेवटच्या ओळी?"

"विमानात करते." आणि पुढचं झाकण घेतलं.

२०१९ च्या फेब्रुवारीत पुण्यात झोपेतच गेल्या. वह्या समीर घेऊन आला. शेवटच्या वहीत त्या जागेनंतर कोरी पानं होती.

एप्रिलमध्ये समीरनं मला फोन केला. प्रकाशक पुस्तक काढायला तयार होता, टाइप केलेली फाइल माझ्याकडे होती.

"कव्हरवर बाबांचं नाव पण टाकू या," तो म्हणाला. "डॉ. पाटणकर आणि सौ. पाटणकर. ट्रिब्यूट होईल दोघांना. शिवाय बाबांच्या नावानं विकलं जाईल."

"यातली एकही ओळ तुमच्या बाबांची नाही."

"अगं, नवरा-बायकोत तुझं-माझं काय?"

हे वाक्य त्याला कुणी शिकवलं नव्हतं. अंगातच होतं.

मी म्हटलं, "मग फाइल मिळणार नाही."

"एक्स्क्यूज मी? ती आईची प्रॉपर्टी आहे."

"वह्या तुमच्याकडे आहेत की. घ्या टाइप करून."

"तू कोण गं आमच्या घरातलं ठरवणारी?"

"कुणी नाही. फाइल माझ्याकडे आहे, एवढंच."

त्यानं दोन महिने वाट पाहिली. वह्यांतली अक्षरं आणि सुमेरी खुणा लावणारं माणूस शोधलं, मिळालं नाही. मेधाताईंनी मला फोन करून सांगितलं, आईविना पोराला असं अडवणं शोभत नाही, आपण शिकलेली माणसं. मी म्हटलं, मी शिकलेलीच आहे. त्यानंतर मंडळाचे निरोप मला यायचे बंद झाले. जुलैत समीरचा एका ओळीचा ईमेल आला, तुला हवं तसं कर.

दिवाळीच्या आधी पुस्तक निघालं. कथा अपुरी आहे. देवी घराच्या दाराशी येते, नवरा सिंहासनावर बसलेला दिसतो, आणि खाली छापलंय की पुढच्या ओळींचा अनुवाद झालेला नाही. मागचं सगळं सुमेरी-अक्कदीवरून थेट मराठीत आहे. मुखपृष्ठावर एकच नाव आहे, कुमुदिनी पाटणकर.